मन्मथप्पांच्या हरवलेल्या पत्रिका

वडवणीच्या बाजारात मन्मथप्पांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता, आणि त्या साली ऐन लग्नसराईत त्यांच्या पत्रिका हरवायला लागल्या.

कपाटातल्या नव्हे, कंप्युटरवरच्या. जुना डॉसचा कंप्युटर गरीब होता बिचारा. काळा पडदा, एका वेळी एकच काम. एक पत्रिका उघडायची, संपवायची, बंद करायची, मग दुसरी. मन्मथप्पांचा स्वभावही तसलाच, त्यामुळं दोघांचं छान जमलं होतं. हा नवा विंडोजवाला म्हणजे निराळंच प्रकरण. चौकटीवर चौकट उघडायची, आणि कोपऱ्यातल्या बारक्या रेघेला माउस लागला की अख्खी पत्रिका गायब. मन्मथप्पांना वाटायचं, पुसली गेली. मग मुकाट्यानं पुन्हा 'मन्मथस्वामी प्रसन्न'पासून सुरुवात. शिरूरच्या एका पाटलाची पत्रिका त्यांनी चारदा टाईप केली, आणि चारही पत्रिका आपल्या तिथंच, एकीखाली एक झाकून बसलेल्या.

'आप्पा, नवा घ्या' असा धोशा लावला होता तो वर्षाराणीनं. एकुलती एक लेक, बीडला क्लास करून आलेली. पण कंप्युटर आला तो तिचं लग्न होऊन ती उदगीरला गेल्यावर. तिची आई नीलम्मा तर त्याआधीच वारली होती. एका माणसापुरता स्वयंपाक करायचा कसा, हे काही मन्मथप्पांना जमेना. रोज भात उरायचा.

उठून लेकीकडं जावं, तर त्यांच्या लिंगायतांत रीत अशी की लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता तोंड कोरडं घेऊन व्याह्याच्या दारात माणूस बसणार तरी किती वेळ? फोन होता, पण तो व्याह्यांच्या बैठकीत, आणि उचलायला स्वतः व्याही, सोमेश्वरप्पा. "शरणार्थ मन्मथप्पा. काय काम काढलं?" लेकीची आठवण येते, हे काही सांगण्यासारखं काम नव्हे.

ते काम ह्या कंप्युटरनं दिलं. पत्रिका हरवली म्हटलं की सोमेश्वरप्पा लगेच सुनेला हाक मारायचे. स्वतः दुकानदार, धंद्याचा खोळंबा त्यांना कळायचा.

"आप्पा, खाली पट्टी दिसती का?"

"इथून कशी दिसंल बाई? मी एसटीडीवर हाय."

"मग जाऊन बघा. पट्टीवर पत्रिकेचं नाव असंल, त्याच्यावर दाबा." आणि मग आवाज खाली आणून, "जेवलात का?"

तेवढं ऐकायला मन्मथप्पा बाजार ओलांडून बूथवर जायचे. परत येईस्तोवर पट्टी वर म्हणाली का खाली, हे विसरायचे आणि पुन्हा बूथ गाठायचे. बूथवाला सिदू गालात हसायचा.

एकदा सोमेश्वरप्पा जरा कातावून बोलले. "घडीघडी सूनबाईला चुलीपासून उठावं लागतंय. बीडचा एखादा माणूस बोलवा की शिकवायला."

हे मात्र मन्मथप्पांच्या जिव्हारी लागलं. आपल्यापायी लेकीला बोल नको. कुणाला न बोलवता ते स्वतःच त्या यंत्रापुढं ठाण मांडून बसले. चौकट खाली बसवायची, वर काढायची, दोन चौकटी शेजारी-शेजारी लावायच्या, सगळं हाताखालून घातलं. पाटलाच्या जास्तीच्या तीन पत्रिका हुडकून काढल्या. मग झकास धोतर नेसून बूथवर गेले.

"वर्षे, आलं बघ मला सगळं. आता तुला तरास न्हाई."

"बरं झालं, आप्पा."

"हां."

"मग... ठेवू?"

"ठेव."

बूथच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. शहाणपणा नडला, दुसरं काय.

त्यानंतर छापखाना बिनबोभाट चालला. पत्रिका हरवेना, चूक होईना. मन्मथप्पा कंप्युटरपुढं बसायचे आणि त्यांना काही सुचायचं नाही. नीलम्मा गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात वर्षा होती. आता कुणी 'जेवलात का' विचारायला नव्हतं, आणि ते विचारायचं कारणही त्यांनी आपल्या हातानं मिटवलं होतं.

सराई संपत आली तेव्हा त्यांना राहवेना. बूथ गाठला.

"आता काय झालं?" सोमेश्वरप्पांनी विचारलं.

"हरवली," मन्मथप्पा म्हणाले. गळ्यात लिंग असलेला माणूस, खोटं बोलताना कानशिलं तापली त्यांची.

फोन लेकीच्या हातात गेला. "कोणाची हरवली, आप्पा?"

नाव काही त्यांनी ठरवून आणलं नव्हतं. "सगळ्याच," ते म्हणाले.

पलीकडं पाट ओढल्याचा आवाज आला. मग बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वर्षाराणी बोलली, "सगळ्याच? अहो आप्पा, मग तर लई येळ लागंल. आधी बसून घ्या बरं तुमी."