कापलेला सात

व्हर्लिन स्टॅम्परने रेजिनाला मार्चमध्ये एकदा विचारलं, ईस्टरनंतर एकदा विचारलं, आणि मे महिन्यात विचारायचं सोडून नुसतं कळवलं, की गाडीचा रंग वाळला आहे, पुढच्या आठवड्यात इंजिन बसेल, आणि एकदा इंजिन आणि नळ्या बसल्या की त्या जागी हात नीट पोचणार नाही. तिच्या वडिलांची खूण तिथे करायची तर आता. नाहीतर ती जागा कोरी राहील. कोरी राहिली तरी आपण काही म्हणणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

रेजिनाने येते म्हणून सांगितलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. जानेवारीत वडील गेल्यापासून ती सगळ्यालाच हो म्हणत होती. त्यांचे कोट चर्चला दिले, चष्मा दिला, टेलिफोन बंद केला, शेजारणींचे डबे घासून ज्याचे त्याला परत केले. कॉलेजात ती कविता शिकवायची. त्या सत्रात नेमक्या विलापिका होत्या. त्याही शिकवल्या, आणि एका मुलाच्या निबंधावर ‘दुःख हा शब्द फार वेळा आला आहे’ असा शेरा मारला. रडू काही आलं नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं झालं होतं. फरक एवढाच, की सुईचा अंमल कधी उतरेल ते डॉक्टर सांगतात.

शनिवारी सकाळी ती डेट्रॉइटहून दक्षिणेला निघाली. बाजूच्या सीटवर वडिलांच्या कपाटातली पिवळ्या मेणखडूंची पेटी होती. कारखाना सोडताना वडिलांनी, म्हणजे काझ गुझिकने, बरोबर आणलेली तेवढीच एक वस्तू.

काझ हॅमट्रॅम्कच्या मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर तपासनीस होता. पुढे ज्यांना लोक मसल कार म्हणून डोक्यावर घेऊन नाचायला लागले, त्या दांडग्या इंजिनाच्या गाड्या त्याच्यासमोरून जायच्या. सांधे बघायचे, रंग बघायचा, आणि सगळं ठीक असलं की इंजिनाच्या खणात, डाव्या बाजूच्या पत्र्याच्या कडेवर पिवळ्या खडूने आपल्या जागेचा आकडा टाकायचा. त्याची जागा सातवी. पण त्याचा सात इतरांसारखा नव्हता. वर आडवी रेघ, खाली उतरणारा पाय, आणि त्या पायाच्या मधोमध आणखी एक आडवी काट. निर्वासितांच्या छावणीत आईने पोलिश पद्धतीने गिरवून घेतलेला सात. मुकादमाने दोनतीनदा हटकलं होतं, की या फालतू रेघेत वेळ जातो. काझने मान डोलावली आणि रेघ मारणं चालू ठेवलं. स्वतः मात्र त्याने जन्मभर चार दारांच्या, कोणी वळून बघणार नाही अशाच गाड्या चालवल्या.

निवृत्त झाल्यावर तो एकदा जुन्या गाड्यांच्या मेळ्याला गेला. तिथे एक तरुण आपल्या चकचकीत चॅलेंजर गाडीचं बॉनेट उघडून दहाबारा जणांना समजावत होता, की हा कापलेला सात म्हणजे कारखान्यातली आतली खूण आहे; ज्या गाडीचं इंजिन दोनदा तपासलं तिच्यावरच ती असते. त्याच्याकडे ती खूण उमटवायचे छापेही होते आणि ते हातोहात खपत होते. काझ गर्दीत उभा राहून सगळं ऐकून आला. घरी येऊन सांगताना तो इतका हसला की कॉफी टेबलावर सांडली.

“मग सांगितलं का नाहीस त्यांना, ताता?” रेजिनाने विचारलं होतं.

“विद्वानांच्या मधे कोण पडतो? तुझ्या कॉलेजात तरी कवितेचा अर्थ कवीला विचारतात का?”

पण त्या दिवसापासून त्याने शोध सुरू केला. त्याला छाप्याचा सात नको होता, आपल्या हातचा हवा होता. जुन्या गाड्या शोधून दुरुस्त करणारा व्हर्लिन त्याला त्या मेळ्यातच भेटला आणि मग दोघं मिळून कोठारं, भंगारवाल्यांची आवारं, मेलेल्या माणसांची गॅरेजं धुंडाळत फिरले. बॉनेट उघडलं की व्हर्लिन इंजिनावरचा नंबर वाचायचा. काझ रॉकेलचा बोळा घेऊन डाव्या कडेवरची काजळी पुसायचा, आणि तिथे काही निघालं नाही की, गाडी कितीही दुर्मीळ असो, चल म्हणायचा. व्हर्लिन म्हणे, म्हाताऱ्याबरोबर हिंडणं म्हणजे सोन्याच्या खाणीत जाऊन पेन्सिल शोधणं.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्याआधी, ब्लिसफील्डजवळच्या एका कोंबड्यांच्या खुराड्यात ती सापडली. सत्तर सालची चॅलेंजर, एके काळी जांभळी, आता वांग्याच्या भरतासारखी. मागच्या सीटवर अंडी, हीटरमध्ये उंदरांचं घर. काझची नजर तेव्हा अधू झाली होती, म्हणून गाडी चालवायला रेजिना होती. तो बोळ्याने पुसत राहिला आणि काळ्याखालून पिवळं वर आलं. तो उपड्या बादलीवर बसला. मग म्हणाला, “बघ, हा सात किती घाईत आहे.”

रेजिनाला पिवळा ओरखडा दिसला होता, बस.

पण बॅटरीचं अ‍ॅसिड वर्षानुवर्षं झिरपून तो पत्रा जाळीसारखा झाला होता. काढून नवा घालण्यावाचून इलाज नव्हता. व्हर्लिनला हे सांगायला आठवडा लागला. काझ शांतपणे म्हणाला, “घाल नवा. मी परत लिहीन. पत्रा गेला तर गेला, हात तर तोच आहे ना?”

आणि मग जानेवारी आला.

त्या शनिवारी व्हर्लिनच्या शेडचं दार उघडंच होतं. बाहेर व्हर्लिनची बायको ओलीटा खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. तिने रेजिनाला मिठी मारली, वाळलीस म्हणाली, आणि घेवडा आणि मक्याचा पाव खाल्ल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही अशी तंबी दिली. रेजिना जेवली. चव कळली नाही, पण ताट स्वच्छ केलं.

गाडी आत चाकांच्या घोडीवर ठेवलेली होती. इंजिन नाही, काचा नाहीत, नुसता सांगाडा, पण जांभळा रंग असा की डोळे दिपावेत. कामाच्या टेबलावर भिंतीला जुन्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा खिळ्याने अडकवला होता. काझचा सात असलेला तेवढा भाग व्हर्लिनने कापून ठेवला होता.

“हा तुझा आहे,” तो म्हणाला. “जाताना घेऊन जा. पण आधी बघ नीट. छापा मी आणणार नाही, पोरी. आणला तर म्हातारा थडग्यातून उठून मला हाणेल.”

रेजिनाने खडू घेतला. नव्या पत्र्याच्या कडेवर वाकून सात लिहिला, पायावर काट मारली. व्हर्लिनने भिंतीवरचा तुकडा पाहिला, तिचा सात पाहिला, आणि मान खाजवली.

“हा शाळेतला आहे.”

खरंच होतं. वडिलांच्या सातचा पाय जवळजवळ सरळ उभा होता आणि काट भलतीच लांब, टोकाला बारीक होत गेलेली. तिचा पाय तिरपा, काट आखूड. व्हर्लिनने थिनरच्या बोळ्याने पुसून दिलं. तिने पाय मुद्दाम सरळ काढला, काट मुद्दाम लांबवली.

ओलीटा शेंगांचं भांडं कमरेवर घेऊन दारातून डोकावली. “आता तो शाळेतला सात सुट्टीवर निघालाय.”

पुन्हा बोळा. रेजिनाने खडू खाली ठेवला आणि तिला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. ताता डॉक्टरांच्या तारखांना गोल करून बाजूला वेळ लिहायचा. लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्यांवर साल लिहायचा. त्या सगळ्या सातांचे पाय तिरपे होते, काट आखूड होती. त्यानेच तर तिला शिकवला होता तो आकडा. घरी त्याचा सात अगदी तिच्यासारखा होता. मग गाडीवरच असा का?

एकदाच ती कारखान्यात गेली होती. लहान होती, कुटुंबांना बोलवायचा दिवस होता. आवाजाने कान बंद झाले होते. एवढंच लक्षात राहिलं होतं, की ताता एका जागी उभा होता आणि गाड्या एकामागून एक त्याच्याकडे येत होत्या, त्याला भेटत होत्या आणि जात होत्या. त्या त्यालाच बघायला येतात असं तिला वाटलं होतं.

“ढकला,” ती म्हणाली.

“काय?”

“गाडी. ढकला. तो लिहायचा तेव्हा गाडी उभी नसायची. पुढे जात असायची.”

व्हर्लिन मग भिंतीवरच्या तुकड्याजवळ गेला आणि त्या लांब काटेवरून हवेतच बोट फिरवलं. स्वतःला त्याने एक सणसणीत शिवी दिली. इतक्या गाड्या केल्या, इतक्या खुणा एकेक करून भिंगाखाली उतरवल्या, सगळ्या उभ्या गाड्यांवर, वगैरे. ओलीटाने भांडं खाली ठेवलं, बाह्या वर केल्या, आणि पापांची कबुली रविवारी दे, आता मागून जोर लाव, असं त्याला सुनावलं.

दोघांनी घोडी शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत नेली. रेजिना मधोमध उभी राहिली, गाडीचं डावं अंग आपल्यासमोरून जाईल अशी. गाडीचं तोंड दाराकडे होतं, म्हणजे गाडी तिच्या डाव्या हाताला जाणार होती.

“किती जोरात?” व्हर्लिनने मागून विचारलं.

“ताताला चर्चमधून बाहेर नेलं, तेवढ्या.”

ती हे नेहमीच्या आवाजात बोलली. त्या दिवशी शवपेटीची पुढची डावी मूठ व्हर्लिनच्या हातात होती. ओलीटाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दोघं वाकली.

पहिल्या खेपेला ती नीट काढायला गेली आणि खडू मोडला. दुसऱ्या खेपेला नकळत गाडीबरोबर चालू लागली. सात आला तो पुन्हा शाळेतलाच.

“पाय,” व्हर्लिन धापा टाकत म्हणाला. “म्हातारा चालत नव्हता, पोरी. त्याला जागा सोडायची परवानगी नव्हती.”

पुसलं. गाडी परत मागे नेली. तिने नवा खडू घेतला आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवले. व्हर्लिनच्या गुडघ्यांचा आवाज आला, मग घोडीच्या चाकांचा. जांभळी कडा हळूहळू समोर आली. या वेळी तिने विचार केला नाही. हात गेला, वरची रेघ, पाय, काट. पाय तिरपा काढत असतानाच पत्रा खालून सरकत होता म्हणून तो उभा राहिला, आणि काट मारायला हात उजवीकडे निघाला तोवर गाडी डावीकडे निघाली होती, म्हणून ती लांबली, बारीक झाली आणि खडूच्या टोकातून सुटली.

गाडी पुढे गेली. डावीकडे चाकांचा आवाज थांबला. व्हर्लिन खणात वाकला असावा. भिंतीवरच्या तुकड्याशी ताडून पाहायला तो टेबलाकडे आला नाही.

“रेजिना,” ओलीटा हळूच म्हणाली, “ये, बघून घे.”

पण रेजिनाची मान उजवीकडे वळली होती. हात कडेच्या उंचीवर तयार होता, बोटांत खडू होता. तिकडे शेडची मागची भिंत होती, गळक्या पाइपाखाली बादली, आणि जिथून गाडी आली ती सिमेंटची रिकामी जमीन. तिथून काही येत नव्हतं. ती बघत राहिली. ताताने तरी आपली एखादी गाडी जाताना पाहिली असेल का, तिच्या मनात आलं. त्याची नजर कायम इकडेच असणार, पुढच्या गाडीकडे.

“येते,” ती म्हणाली. आवाज तिला आपला वाटला नाही, किंवा पुष्कळ दिवसांनी वाटला. पाय मात्र हलले नाहीत. हात अजून वरच होता.