घंटेचे अश्रू

"अर्घ्य द्यायच्या आधी तांब्या कोरडा पुसून घे गं," सासूबाई सांगायच्या. कतारला, दोह्यात आल्यापासून मला तो दोनदा पुसावा लागतो. का, ते इथल्या अल मन्सूरा वस्तीतल्या त्या गच्चीवर सांगायची वेळ आली.

ऑगस्टचा दमट उकाडा, आणि गच्चीवर माणसांची ही दाटी. पूर्वी मनिलात नोकरी केलेला, आता स्वतःला 'सेवक' म्हणवणारा देवव्रत आतल्या खोलीतून पितळी घंटा घेऊन आला.

"फिलिपिन्समधल्या जुन्या स्पॅनिश मिशनची ही घंटा. साथीच्या रोगात पाद्र्यांनी हिच्या पाण्याने अख्खं गाव वाचवलं. दुःखी माणूस दिसला की ही रडते. बघा."

घंटेवर खरंच थेंब फुटले. गर्दीने हात जोडले. पुढ्यात परडी होती. आपली औषधं तिच्यात वाहायची, मगच घंटेचं पाणी मिळायचं. माझ्या मैत्रिणीने, मालविकाने, लेकीचा दम्याचा पंप त्या परडीत वाहिला होता. ती लेक, गार्गी, अल सद्द भागात घरी कालपासून धापा टाकत होती.

माझी फिलिपिनो शेजारीण रोझालिन सोबत होती. तिला या घंटेबद्दल विचारलं, तशी ती हिंदीत मोठ्याने म्हणाली, "माझ्या आजोळी असंच मिशन आहे. त्याचे दगड आमच्याच लोकांनी वाहिले. घंटा झाली की कामावर जायचं, नाही तर फटके. साथीत पाद्रीही मेले. घंटा रडल्याचं आजीने कधी सांगितलं नाही. रडायचं काम आमच्याकडे होतं."

"श्रद्धा कमी पडली की माणसाला इतिहास आठवतो," देवव्रत हसला.

"भाऊ, माझी पूजा एक दिवस चुकत नाही. श्रद्धेचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं आणि आतल्या खोलीत गेले. एसीने खोली नुसती फ्रीज झाली होती. फळीवरचा पोह्यांचा स्टीलचा डबा उचलून आणला नि घंटेशेजारी ठेवला.

बघता बघता डबाही पाझरायला लागला.

"हा कोणासाठी रडतोय?" मी विचारलं.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"त्यातही दैवी अंश असेल," देवव्रत म्हणाला.

"मग डब्यालाच नमस्कार करू. घंटा कशाला हवी? गार धातू दमट हवेत आणला की हवेतलंच पाणी त्यावर जमतं. माझा तांब्या एसीतून बाल्कनीत नेला की रोज असाच भिजतो. मी तो फडक्याने पुसते, बस. आज घंटा इथेच उकाड्यात राहू द्या आणि उद्या रडवून दाखवा."

देवव्रत घंटेवर शाल टाकू लागला.

"देव मानू नका असं मी कशी म्हणेन? मी मानते," मी सगळ्यांना म्हटलं. "पण देवाच्या नावाने कोणी पोरीचं औषध मागितलं, तर आधी प्रश्न विचारा. त्यात पाप नाही. न विचारण्यात आहे."

गर्दीत उभ्या मालविकाचा फोन वाजला. स्पीकरवर गार्गीचा तुटका आवाज आला, "आई... कमिंग?"

"पंप घेऊन येते, राजा."

देवव्रतने परडीवर हात ठेवला होता. मालविकाने तो बाजूला सारला, पंप मुठीत घेतला आणि ती जिना उतरू लागली.