गाळलेल्या अकरा जोडण्या

खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं थोडंच आहे! छ्याओ वेनहाय यांनी फक्त एक पान गाळलं होतं.

चीनमधल्या ताथोंगच्या कोळसा रेल्वेमार्गावर ते ब्रेकचे जाणकार. अवजड मालगाड्या चालवणाऱ्या देशांचा मेळा दर काही वर्षांनी भरायचा आणि तिथली रीत अशी, की आपल्याकडे काय मोडलं ते आधी टेबलावर ठेवायचं, बढाया नंतर. कुणी तडकलेला रूळ आणी, कुणी फुटकं चाक. छ्याओंनी नेली डब्याला डबा जोडणारी चकचकीत नवी जोडणी! उतारावर कोणत्या वेगाला ब्रेक सोडायचा, तेही ऐटीत सांगितलं. चाचणीत त्याच वेगाला अकरा जोडण्या तुटल्या होत्या, पण वरिष्ठ म्हणाले, "घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची?" आणि छ्याओंनी ते पान निमूट काढलं.

तीन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या खनिज मार्गावरचा म्हातारा मालान ताथोंगला आला. कॅन्टीनमध्ये त्याने तुटक्या जोडणीचा तुकडा नूडल्सच्या वाडग्याशेजारी ठेवला.

"चालकांना वेगाचा तुमचाच आकडा दिला होता," तो म्हणाला. "उतारावर गाडी दुभंगली. तुमच्याकडे एकही तुटली नाही, म्हणजे चूक आमचीच. कुठे चुकलो सांगा. हव्या तर चार शिव्या घाला."

ल्यू मिन भाषांतर करत होती. छ्याओंची जुनी विद्यार्थिनी. चाचणीचे तक्ते तिनेच लिहिले होते. ती हळूच म्हणाली, "सर, आता तरी सांगा."

"गप्प बस. त्याला नूडल्स वाढ."

"काय झालं? माझं थोबाड बघून घास अडकला का?" मालान हसला आणि त्याने स्वतःच्या हाताने छ्याओंच्या वाडग्यात व्हिनेगर ओतलं. त्याने खरंच शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. छ्याओंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अकरा तुटल्या होत्या," ते म्हणाले. "मी लपवलं."

ल्यू मिनने ते मालानला सांगितलं. मालानने नूडल्स खायच्या काड्या खाली ठेवल्या.

"मोक्वेना म्हणून आमचा चालक होता. चौकशीत एकच घोकत होता, मला सांगितलेल्याच वेगाला मी ब्रेक सोडला. आम्ही म्हटलं, खोटारड्या, चीनमध्ये बरी एकही तुटत नाही! काढून टाकला त्याला."

"त्याला परत घ्या. मी लिहून देतो, सहीशिक्क्यानिशी देतो!"

"गेल्या महिन्यात पुरलं त्याला. बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, साहेब, खरं सांगा, ते खोटं बोलले होते का? मी म्हटलं, हो."

छ्याओंनी ल्यू मिनकडे कागद मागितला.

"तिचं नाव विचार," ते म्हणाले. "पत्र तिलाच लिहायचंय."