शिलाईच्या रांगेवरची दोरी

मी दोरी बोलतेय. कपडे वाळत घालायची नव्हे, काम थांबवायची! खांडबाऱ्याजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात, शिलाई यंत्रांच्या रांगेवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेली आहे. मला ओढलं की दिवा लागतो आणि अख्खी रांग थांबते.

आमच्या कंपनीचे कारखाने व्हिएतनामात आहेत, पोलंडमध्येही आहेत. तिकडून ‘लीन’ नावाची पद्धत इथे आली. चूक दिसली की तिथेच थांबायचं, आणि थांबवणाऱ्याला कुणी रागवायचं नाही. सुपरवायझर राजेंद्रभाऊंनी स्वतः मला बांधलं, नियमही समजावला. पण त्यांचाच ओरडा इतकी वर्षं खाल्लेल्या बायका माझ्याखालून मान वाकवून जायच्या. चुकून धक्का लागला तर?

एकदा संगणकाच्या पडद्यावरच्या बैठकीत व्हिएतनामच्या कारखान्यातल्या बाईंनी विचारलं, “तुमच्याकडे चुका होत नाहीत, की कुणी सांगत नाही?” राजेंद्रभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मग तो दिवस आला. सातपुड्यातली दीपमाला लहान मुलांची जाकिटं शिवत होती. तिची सुई तुटली आणि टोक काही सापडेना. जाकिटं तर पुढे सरकत होती! तिचा हात माझ्याकडे आला, मागे गेला, पुन्हा आला. तिनं मला ओढलं.

यंत्रं बंद पडली तशी स्टेशनातल्या गाडीची शिट्टी आत ऐकू आली. राजेंद्रभाऊ तरातरा आले.

“दोरी कोनी वढी?”

“मी, भाऊ. सुई तुटनी. टोक सापडी नही ऱ्हायनं.”

त्यांचं तोंड उघडलं. मी ताठच झाले! पण खाली घातलेली तिची मान त्यांनी पाहिली, आणि आलेले शब्द गिळले. तिथेच उकिडवे बसून ते एकेक जाकीट चाचपू लागले. बायकाही बसल्या.

“आयव!” राजेंद्रभाऊ ओरडले. बोटावर रक्ताचा थेंब होता. “सापडनं! एवढीशी कॉलरमा!” मग दीपमालाकडे वळून म्हणाले, “दोरी वढी ते चांगलं करं, बेन. एखादा लेकरूले टोचतं ना.”

आधी दीपमाला हसली, मग सगळी रांग.

आता मी मळलेय, मधोमध थोडी विरलेय. एक दिवस मला काढतील, नवी बांधतील. बायांनो, तिलाही असंच ओढा. जोर लावायला लागत नाही. पहिल्या वेळी तेवढा धीर लागतो.