सगळं उघडणारं मशीन

रक्त तपासणी केंद्रात नव्याने लागलेल्या बाईला पहिल्याच दिवशी कोपऱ्यातला जुनाट कॉम्प्युटर मिळाला. सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणत. “नवीन माणसाला आजोबाच,” तिथल्या सर्वांत जुन्या ताई म्हणाल्या. “आम्हीसुद्धा त्यांच्याच मांडीवर वाढलो.” बाईचं नाव कुणी विचारलंच नाही. ती झाली ‘नवीन’.

धोके हेरायची तिला सवय होती. घरात रांगती मुलगी असली की टेबलाचे कोपरेही वैरी वाटतात. रोज सकाळी आजोबांच्या पडद्यावर सूचना यायची: या सॉफ्टवेअरचे अपडेट बंद झाले आहेत. तिने ती साहेबांना दाखवली.

“सर, याची भोकं आता कुणी बुजवत नाही. बाहेरून कुणीही घुसेल.”

“चालतोय ना?”

“चालतो, पण...”

“मग चालू दे. आधी कायम तर हो, मग मशीन माग.”

कायम तर तिला व्हायचंच होतं. कायम झालेल्यांच्या मुलांना तळमजल्यावरच्या पाळणाघरात जागा मिळायची. आणि सासूबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, “महिनाअखेरपर्यंत सांभाळते. पुढे तुझं तू बघ, माझ्या गुडघ्यांत आता जीव नाही.”

म्हणून ती गप्प बसली. शिवाय आजोबांची केंद्रात एक ख्याती होती. बाकीची नवी मशीनं बाहेरून आलेल्या फायली उघडताना नखरे करत, धोका आहे म्हणून अडून बसत. आजोबा मात्र काहीही उघडत. मग दिवसभर हाका: “नवीन, हे घे गं, आमच्याकडे उघडेना!” नखऱ्यांमागचं कारण तिला कळत होतं. पण “हाताला यश आहे हो पोरीच्या, साहेबांच्या कानावर घालते मी,” असं ताईंनी म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्या दुपारी ताईंनी पाठवलेली फाईल तिने उघडली आणि पडदा काळा पडला. मग शेजारचा. मग साहेबांच्या खोलीतला. सगळ्यांचे रिपोर्ट एकाच सामाईक जागी साठवलेले असत. त्या जागेलाच कुणीतरी बाहेरून कुलूप ठोकलं; एकही रिपोर्ट उघडेना.

“कुणी उघडली?” साहेब बाहेर आले.

“ताईंनी पाठवली होती. त्यांच्या मशीनने नाकारली म्हणून...”

“नाकारली ना? मग त्यांचं काय चुकलं? तू का उघडलीस?”

“सर, कालच तुम्हीसुद्धा मला...”

“मी फाईल पाठवतो, बाई. विहिरीत उडी मार म्हणत नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताई मात्र हळहळल्या. “शिकलेली आहे, वाटलं बघून उघडेल.”

उद्यापासून येऊ नकोस, साहेब म्हणाले. पण जाण्याआधी ज्यांचे रिपोर्ट गेले त्यांना फोन लावायचे आणि माझ्या चुकीने गेले, असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तरच अनुभवाचा दाखला मिळेल.

ताई पावत्या घेऊन समोर बसल्या. पहिलाच फोन एका आईने उचलला. तिच्या तान्ह्याच्या रक्ताचा रिपोर्ट होता.

“म्हणजे पुन्हा सुई? अहो, शीर सापडेपर्यंत काळानिळा झाला होता तो!”

“माझी चूक झाली,” नवीन पुटपुटली.

“मोठ्याने बोल,” ताई कुजबुजल्या, “साहेबांना ऐकू जात नाहीये.”

“माझी चूक झाली!”

“तुम्हाला लेकरू आहे का?” पलीकडून प्रश्न आला.

“आहे. मुलगी आहे.”

“मग तिच्यावरही हीच वेळ येऊ दे.” फोन आपटला गेला.

ताईंनी पुढचा नंबर वाचायला घेतला.