देवरावांनी पारखलेली बाटली

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धीच. उभी चिरलेली, एका बाजूने उघडी अशी मी भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या एका क्वार्टरच्या खिडकीत पडून असते. छत्रीची, फळ्याची, शाळेच्या घंटेची कहाणी तुम्ही ऐकली असेल आणि त्यांच्यासाठी हळहळलाही असाल. त्या बिचाऱ्यांनी जन्मभर कोणाचं वाकडं केलं नाही. माझं तसं नाही. माझी कीव करू नका, फक्त शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म भिलाईजवळच्या हथखोजमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एप्रिल महिना होता. चौदा तारखेला भीमजयंती, त्या दिवशी विहारात हुशार मुलांना बक्षिसं द्यायची म्हणून आम्हा चाळीस बाटल्यांची ऑर्डर होती. आमचा स्टीलचा पत्रा चांगला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ऐन वेळी शेडमधलं वेल्डिंगचं मशीन बिघडलं आणि आमचं बूड सांध्यातून पाझरू लागलं. मालक ओरडला, "परसों देना है, कैसे भी बंद करो!" मग कारागिराने आतून सांध्यावर शिसं वितळवून फिरवलं. एक राखाडी कडं तयार झालं. त्यावर आमचे अरुंद गळे बसवले आणि बाहेरून अशी पॉलिश मारली की त्यात तोंड दिसावं. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांचं काय होतं, हे त्या शेडमध्ये कोणी कोणाला विचारलं नाही.

विहाराच्या मंडळींकडून आम्हाला पारखायला देवराव आले. देवराव म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलमधले निवृत्त इन्स्पेक्टर. छत्तीस वर्षं त्यांनी लोखंडाच्या प्लेटा तपासल्या. कागदावर टेस्टचा शिक्का आणि प्लेटवर नंबर पाहिल्याशिवाय एक प्लेट त्यांनी पुढे सोडली नाही, मग वर कितीही मोठा साहेब आरडाओरडा करो. निवृत्तीनंतर ते मुलाच्या, सुमेधच्या, क्वार्टरमध्ये राहत. त्यांच्या खिशात कायम एक गोल चुंबक असे. सेक्टरमधल्या बाया सिविक सेंटरच्या बाजारातून नवं भांडं आणलं की आधी त्यांच्याकडे घेऊन येत. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, म्हणून देवराव तो लावून बघत. चिकटला नाही की म्हणत, "नंबर एक! घे बाई, नातवापर्यंत चालन." आणि ती बाई आनंदाने घरी जाई.

त्या दिवशी त्यांनी चाळीसही बाटल्यांना चुंबक लावला. एकीलाही चिकटला नाही. बोटाने ठोकून आवाज ऐकला, उन्हात धरून चमक पाहिली. मग त्यांनी मालकाला विचारलं, "टेस्टचा कागद हाय का?"

"बाद में भिजवा दूंगा, बाबूजी."

मिलमध्ये हे उत्तर देणाऱ्याला देवरावांनी दारात उभं केलं नसतं. पण जयंती दोन दिवसांवर होती, ऊन मी म्हणत होतं आणि चुंबकावर त्यांचा फार जीव होता. त्यांनी मान हलवली. गळा अरुंद असल्यामुळे आत कोणाचा डोळा पोहोचला नाही. मित्रांनो, मला तोंड असून बोलता येत नव्हतं, याचं दुःख मला पहिल्यांदा झालं ते तेव्हा.

जयंतीला आमच्या अंगावर लाल रंगाने मुलांची नावं लिहिली गेली. मी आले देवरावांच्या नातीच्या, प्रांजलीच्या वाट्याला. तिसरीतली पोर, चित्रकलेत पहिली आलेली. तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि घरी जाईपर्यंत आईलाही हात लावू दिला नाही. एवढं कौतुक माझं पुढे कधीच झालं नाही. खरं तर तेवढंही व्हायला नको होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ध्यानात ठेवा. मिलमध्ये लाल तापलेल्या लोखंडाशेजारी काम करणारी माणसं घामाने निथळतात, म्हणून ती निंबू आणि मीठ घातलेलं पाणी पितात. देवरावांनी ते जन्मभर प्यायलं होतं. नातीवर त्यांची माया इतकी, की तिची बाटली ते दुसऱ्या कोणाला भरू देत नसत. रोज संध्याकाळी दोन निंबं पिळून, चमचाभर मीठ घालून मला फ्रिजमध्ये ठेवत. "रातभर मुरलं पायजे, मंग त्यात ताकद येते," असं सुनेला, गीतांजलीला, सांगत. आणि ते पाणी खरंच रात्रभर मुरायचं. निंबाचा आंबटपणा माझ्या बुडाच्या शिशाला चावत राहायचा. वास नाही, रंग नाही, चवीतही फरक नाही. रोज थोडं थोडं माझं बूड त्या पोरीच्या पोटात जाऊ लागलं.

मे महिना बरा गेला. जूनमध्ये तिचं पोट दुखू लागलं. "आबाजी, पेट दुखून राहिलं माझं," ती म्हणायची आणि देवराव म्हणायचे, "आंबे जादा खाल्ले असन." शाळा सुरू झाली तशी ती चिडचिड करू लागली. जेवण टाकायची. पाढे येत होते ते चुकू लागले. ओठ पांढुरके पडले, आणि चित्र काढता काढता पेन्सिल हातात धरून ती कुठेतरी बघत बसायची. वर्गातल्या बाई म्हणाल्या, लक्ष नसतं. शेजारीण म्हणाली, नजर लागली. सुमेध म्हणाला, मोबाईल बंद करा. मोबाईल बंद झाला, पण निंबू-पाणी चालूच राहिलं. उलट पोरीला ताकद यावी म्हणून देवराव आता मला दिवसातून दोनदा भरू लागले.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी रक्त तपासलं. कागद त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "हिच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे. ते रोज कुठून तरी जातंय. ते शोधा आणि आधी थांबवा. उशीर कराल तर डोक्यावर जो परिणाम होईल, तो मला औषधाने भरून काढता येणार नाही."

देवरावांनी घर पालथं घातलं. भिंतीचा रंग खरवडला, नळाचा पाईप बदलून घेतला, हळद-तिखट फेकून दिलं, खेळणी जाळली. डॉक्टरांनी भांडी दाखवायला सांगितली तर पितळेच्या पातेल्यापासून चमच्यापर्यंत सगळं पोत्यात भरून नेलं, पण कशातच काही निघालं नाही. मी तेवढी प्रांजलीच्या दप्तरात होते. गीतांजलीने सासऱ्यांना विचारलं, "आणि बाटली, मामाजी?"

"ते तं मीच पारखली," देवराव म्हणाले. "तिले काय पाहाचं?"

इतकं जवळ येऊन ते परत गेले, मित्रांनो. तुम्ही कधी पाहिलं आहे का, आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधलेला हात अगदी नाकासमोरून निघून जातो? तसं झालं. त्या संध्याकाळीही दोन निंबं पिळली गेली.

मग गीतांजलीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. प्रांजलीला घेऊन गीतांजली गोंदियाला माहेरी गेली आणि घाईत मी ओट्यावरच राहिले. पंधरा दिवसांनी प्रांजली आली ती भूक-भूक करतच. तिचं पोट दुखायचं थांबलं होतं. देवराव खूश झाले. म्हणाले, हवापालट लागू पडला. त्यांनी मला घासून लख्ख केलं आणि भरलं. आठ दिवसांत पोर पुन्हा पोटाशी पाय घेऊन पडली.

गीतांजली तशी सासऱ्यांपुढे चढ्या आवाजात कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती मला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मामाजी, गोंदियाले सारं होतं. पोरगी तेच खाऊन राहिली होती, तेच पिऊन राहिली होती. हे एक नव्हती. हे कापून पाहा."

"छत्तीस वर्षं लोखंड पाह्यलं मी! तू मले शिकवतं?"

"मी शिकवून नाही राहिली. माझी पोरगी मरून राहिली, मामाजी."

देवराव उठले. माझ्यात खोट नाही हे सुनेला दाखवण्यासाठीच त्यांनी मागच्या अंगणात मला शिकंज्यात घट्ट आवळलं आणि लोखंड कापायची करवत चालवली. मला वेदना झाल्या, पण त्याहून मोठी सुटका वाटली. मी उघडले. बुडाशी ते राखाडी कडं होतं, आणि ते अर्धंअधिक खाल्लं गेलं होतं. देवरावांनी खिळ्याने त्यावर रेघ ओढली. लोण्यात उठावी तशी रेघ उठली. शिसं ओळखायला त्यांना कुठल्या कागदाची गरज नव्हती. ते तिथेच मातीत बसले. गीतांजली ओट्यापाशी गेली. तिने पडलेली निंबाची सालं उचलली आणि फेकून दिली.

ती परतली तेव्हा देवराव एवढंच म्हणाले, "माझ्या हातानं पाजलं वो बाई मी."

आणि मग त्यांना उरलेल्या एकोणचाळीस बाटल्या आठवल्या.

प्रांजलीला त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात भरती केलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर देवराव उभे राहिले. या माणसाचा शब्द लोक शिक्क्यासारखा मानत. त्यांनी माझा हा अर्धा तुकडा वर धरला आणि सांगितलं, "जय भीम. चाळीस बाटल्या मी पास केल्या. कागद मागतला, भेटला नाही, तरी पास केल्या. चुंबक फक्त पत्रा सांगते, आत काय भरलं ते नाही सांगत. चूक माझी हाय. माझी नात हॉस्पिटलात हाय. ज्याच्या घरी बाटली असन त्यानं आजच आणून द्या, आन् लेकराचं रक्त तपासा." मग एक आई रडू लागली आणि उठून घराकडे पळाली.

संध्याकाळपर्यंत तीस बाटल्या आल्या. पाच दुसऱ्या दिवशी आल्या. एक रायपूरहून आली. दोन हरवल्याचं घरच्यांनी शपथेवर सांगितलं. राहिली एक, खुशबूची. खुशबू पाचवीतली, वर्गात पहिली येणारी, आणि तिच्या आईचं, रीनाचं, घर आमच्याच लाईनीत. देवराव मला पिशवीत घालून तिच्या दारी गेले.

"आमच्या बाटलीत काही नाही, बाबाजी," रीना म्हणाली. "मी चुंबक लावून पाह्यला. चिकटला नाही. तुम्हीच तं शिकवलं साऱ्या सेक्टरले."

"माझं शिकवणं चुकलं, बाई. हे पाह्य, आत पाह्य."

"हे तुमच्या प्रांजलीची हाय. खुशबूचं पह्यलं बक्षीस हाय ते, तिचं नाव हाय त्याच्यावर. काहून कापू देऊ? अन् पोरगी माझी टणटणीत हाय."

"प्रांजलीबी मे महिन्यात टणटणीत होती," देवराव म्हणाले. "मी दुसरी देतो. दहा देतो. पाया पडतो तुह्या."

म्हातारा खरंच वाकला. रीना संकोचून मागे सरली आणि तिने दार लावून घेतलं.

प्रांजली आता घरी आली आहे. पोट दुखत नाही, जेवते. पाढे मात्र पुन्हा पहिल्यापासून पाठ करावे लागत आहेत, आणि किती परत येतील हे डॉक्टर सांगत नाहीत. ती आता रुंद तोंडाच्या साध्या स्टीलच्या बाटलीतून पाणी पिते. हात आत घालून बूड घासता येतं, खाली अन्नासाठी योग्य असल्याचा आणि स्टीलच्या जातीचा ठसा आहे, आणि गीतांजलीने तिच्या टेस्टचा कागद दुकानदाराकडून आधी घेतला, बाटली नंतर. आतून रंग नाही, लेप नाही, शिसं वितळवून झाळलेला सांधा नाही. आंबट त्या घरात आता काचेच्या पेल्यातच देतात.

मित्रांनो, बाटली घेताना तुम्हीही असाच हट्ट धरा. चमक पाहू नका, आत पाहा. आत दिसत नसेल तर घेऊच नका. कोणी मोठ्या माणसाने "मी पारखली आहे" असं सांगितलं, तर त्याच्यावर माया करा, पण कागद मागा. मागताना लाजू नका. देवराव एकदाच मागून गप्प बसले होते.

ते रोज सकाळी रीनाच्या दारी जातात. रोज दार अर्धवट उघडतं आणि बंद होतं. मी या खिडकीतून बघते. आज ते माझ्या शेजारी उभे होते, तेव्हा खुशबू शाळेला निघाली. गल्लीच्या वळणावर थांबून तिने बक्षिसाच्या बाटलीचं झाकण उघडलं, आणि ऊन होतं म्हणून पोटभर पाणी प्यायली.