सगळं साफ

आमचं डबडं, म्हणजे घरचा कॉम्प्युटर, सारखं अडकत होतं. मी आईला विचारलं, "सगळं साफ करून टाकू का?"

"कर की! किती धूळ बसलीय."

मी डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली. मग अक्षरं ढब्बू, इंटरनेट बंद, आवाज गुल. ते चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे एकेक ड्रायव्हर, शोधताना नाकी नऊ आले. साउंडच्या ड्रायव्हरने तर मेल्याने अंतच पाहिला. शेवटी एकदाचा स्पीकर वाजला.

आई हात पुसत धावत आली, खुर्ची ओढून बसली.

"आला ना आवाज? आता ह्यांचं रेकॉर्डिंग लाव. हे गेल्यापासून रोज दुपारी ऐकते मी."

स्क्रीन कोरी होती, जुनी एकही फाइल नव्हती.

"थांब, आई," मी म्हटलं, "अजून एक ड्रायव्हर राहिलाय."